फॉरमॅट मारण्याआधी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझा लॅपटॉप विचित्र वागू लागला. गूगलच्या चौकटीत काही शोधायला टाकले की वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्षणभर एक अनोळखी नाव चमकून जाई आणि गूगलऐवजी याहूचे पान उघडे. बातमी वाचताना कोऱ्या जागेवर बोट पडले तरी रमीच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती नव्या खिडकीत उघडत. उजव्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी लाल पाटी येई : तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत. पंखा सारखा घरघरत असे.

मी तो दुरुस्तीला नेला. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटे पाहून निदान केले. "काकू, स्पायवेअर घुसलंय. फॉरमॅट मारावा लागेल. डेटा घेतलाय ना?" मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप कोरा करकरीत होऊन परत आला, आणि घरी आल्यावर कळले की पेन ड्राइव्हवर अकरा मुलाखती घ्यायच्या राहिल्याच होत्या. सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या मुलाखती, निम्म्या मराठीत, निम्म्या तेलुगूत, रेकॉर्डरमधून आधीच पुसून झालेल्या. त्या अकरांपैकी दोघी आता हयात नाहीत. चूक माझी, त्या मुलाची नव्हे. पुसलेले परत मिळवता येते असे ऐकून मी चौकशी केली. पण माझ्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क नाही, एसएसडी आहे. ती पुसलेली जागा स्वतःहून रिकामी करून टाकते आणि मग हाती काही लागण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी क्रोममध्ये माझे जीमेल खाते जोडले. दुपारपर्यंत याहूचे पान परत हजर.

अकरा मुलाखती देऊनही रोग गेला नव्हता, हे माझ्या जिव्हारी लागले. संगणकाचे माझे शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटीचे एक प्रमाणपत्र आणि पुढची धडपड. पण तीस वर्षे जुने कागद हाताळताना एक सवय लागली आहे. कागद समोर आला की त्यात काय लिहिले आहे यापेक्षा तो कुठून आला, कोणाच्या हातून आला आणि तो आपल्यापर्यंत पोचण्यात कोणाचा फायदा होता, हे आधी विचारायचे. तेच प्रश्न मी या लॅपटॉपला विचारायचे ठरवले.

फायद्याचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे त्यातून उलगडते. माझा शोध याहूवर वळवून कोणाला काय मिळत असेल? शोधयंत्रांना ग्राहक हवे असतात आणि ते आणून देणाऱ्याला जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा देण्याचे करार असतात. मधला दलाल माझा शोध आधी स्वतःच्या पत्त्यावरून फिरवतो, त्यावर आपला शिक्का मारतो आणि मग खऱ्या शोधयंत्राकडे पाठवतो. क्षणभर चमकणारे ते अनोळखी नाव या दलालाचे. दिसणारे पान खरेच असते, म्हणून शंका येत नाही. एका शोधामागे मिळणारे पैसे नगण्य असतात. लाखो लॅपटॉपांवरून दिवसभर शोध वळवले की धंदा होतो.

हा धंदा जुना आहे. नेट कॅफेच्या काळात ज्यांनी संगणक वापरला त्यांना ब्राउझरच्या डोक्यावर एकावर एक चढलेले टूलबार आठवत असतील. ते कोणी मुद्दाम मागवलेले नसत. दुसरे काही उतरवून घेताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत गेलो की ते सोबत येत. जावासारख्या प्रतिष्ठित सॉफ्टवेअरबरोबरही कित्येक वर्षे आस्क नावाचा टूलबार आधीच टिक केलेल्या चौकटीतून येत असे. २००३च्या सुमारास 'कूलवेबसर्च'ने जगभर उच्छाद मांडला, त्या काळात मेरिन बेलेकॉम या डच विद्यार्थ्याने 'हायजॅकधिस' हे छोटे साधन लिहिले. ते स्वतःहून काहीच बरे करत नसे. ब्राउझर कुठे कुठे वाकवला जाऊ शकतो त्या सगळ्या जागांची यादी समोर ठेवत असे आणि ती वाचून ठरवण्याचे काम माणसावर सोडत असे. मला ही पद्धत फार आवडते.

पुढे धंदा मोठा झाला. २०१७च्या जूनमध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने 'फायरबॉल' नावाचे प्रकरण उघड केले. बीजिंगच्या एका जाहिरात कंपनीने फुकट सॉफ्टवेअरबरोबर पसरवलेला हा कार्यक्रम जगात २५ कोटी संगणकांवर आहे आणि त्यातले सुमारे अडीच कोटी भारतात आहेत, असा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले. आकड्याचा वाद बाजूला ठेवला तरी रीत तीच होती : मुखपृष्ठ बदलायचे, शोध वळवायचे.

मग अँटिव्हायरस काय करतो? हा प्रश्न महाराष्ट्रात तरी आपुलकीने विचारायला हवा. दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुण्यात क्विक हील उभे केले, ते दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडत म्हणूनच. पण व्हायरस चोरून शिरतो. या दलालाला आपण दार उघडलेले असते. कुठेतरी 'मान्य' म्हणून बटण दाबलेले असते. त्यामुळे सुरक्षा कंपन्या त्याला 'व्हायरस' न म्हणता 'संभाव्य नकोसा प्रोग्राम' अशा गुळमुळीत नावाच्या रकान्यात टाकतात आणि पुष्कळदा त्याला पकडणे वेगळे सुरू करावे लागते. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्ये ते 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' या नावाखाली आहे. आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३वे कलमही मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या उद्योगांबद्दल बोलते. परवानगी आपणच दिली होती, असे समोरचा म्हणणार.

आता माझ्या लॅपटॉपकडे. रोग नेमका कोणत्या थरात आहे हे आधी ठरवायचे होते, कारण उपाय थरानुसार बदलतो. प्रथम घरचे वायफाय बंद करून मोबाइलचे नेट जोडले. याहू आलेच. म्हणजे दोष राउटरमध्ये नव्हता. तो तिथेही असू शकतो. 'डीएनएस चेंजर' नावाच्या कार्यक्रमाने सुमारे ४० लाख संगणकांची पत्ते शोधण्याची वहीच बदलून टाकली होती; २०११च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने ते जाळे पकडले. अशा वेळी लॅपटॉप कितीदा फॉरमॅट केला तरी उपयोग नाही.

मग एज हा दुसरा ब्राउझर उघडून तेच शोध टाकले. सगळे सुरळीत. म्हणजे विंडोजही बहुधा निर्दोष. तरी खात्रीसाठी विंडोजच्या सेटिंगमध्ये 'प्रॉक्सी' कोणी भरून ठेवलेला नाही ना ते पाहिले, आणि डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राईट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधली 'टार्गेट' ही ओळ वाचली. तिच्या शेवटी क्रोमच्या नावानंतर एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असला तर ब्राउझर उघडताच तीच साइट येते आणि माणूस ब्राउझरच्या आत कारण शोधत बसतो. माझ्याकडे तसे काही नव्हते.

शेवटी क्रोममध्येच 'गेस्ट' म्हणजे पाहुण्याची खिडकी उघडली. तिथे माझे खाते नसते, माझ्या पुरवण्या नसतात. तीही स्वच्छ! क्रोम तेच, लॅपटॉप तोच, नेट तेच. फक्त मी वजा झाले आणि रोग गेला. म्हणजे रोग लॅपटॉपमध्ये नव्हताच, माझ्या खात्यात होता. क्रोम आपल्या खुणा, सेटिंग आणि एक्स्टेन्शन नावाच्या छोट्या पुरवण्या गूगलच्या खात्यात साठवतो आणि नव्या यंत्रावर खाते जोडले की त्या इमानेइतबारे परत आणून ठेवतो. दुकानदाराने घर पाडून नवे बांधले, आणि मी माझ्याच पेटीतून ढेकूण परत आणले.

एक्स्टेन्शनची यादी उघडली. चार नावे होती. तीन ओळखीची. चौथे होते फॉन्ट बदलून देणारे, आणि त्याच्या तपशिलात लिहिले होते की सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचण्याची आणि बदलण्याची त्याला मुभा आहे. ते पाहताच सगळे आठवले. फेब्रुवारीत एका संपादकांनी माझा जुना लेख युनिकोडमध्ये मागितला होता. माझे वीस वर्षांचे लिखाण जुन्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोडवर उघडले की नुसती चिन्हे दिसतात. मराठीत लिहिणाऱ्या कित्येकांची ही अडचण आहे. मी फुकटचा कन्व्हर्टर शोधला, एका पानावर 'डाउनलोड'चे भले मोठे हिरवे बटण दिसले ते दाबले. खरे बटण त्याच्या खाली, बारीक अक्षरांत होते. हिरवे होते ती जाहिरात. गूगलने मराठी टंकलेखनाचे विंडोजवर उतरवून घ्यायचे साधन देणे बंद केल्यापासून तेही लोक भलत्याच साइटवरून घेतात. तिथेही अशीच हिरवी बटणे असतात.

पुरवणी काढली, शोधयंत्र परत गूगल केले, सुरुवातीचे पान तपासले. 'तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित आहे' अशा अर्थाची ओळ क्रोमच्या मेन्यूत असली, आणि आपली कोणतीही संस्था नसली, तर मात्र कोणीतरी विंडोजच्या नोंदवहीत नियम घालून ठेवलेला असू शकतो. मग पुरवणी काढण्याचे बटणच चालत नाही आणि जाणकाराला गाठावे लागते. काही अँटिव्हायरसही असा नियम घालतात, म्हणून लगेच घाबरू नये. लाल पाटीचे कोडे तर अगदीच फुसके निघाले. ती अँटिव्हायरसची पाटी नव्हती. कोणत्या तरी साइटला मी 'नोटिफिकेशन' पाठवायची परवानगी दिली होती. सेटिंगमध्ये जाऊन ती काढली, पाटी गेली. पंखा मात्र अजून घरघरतो. त्यात धूळ आहे.

सर्व डेटा वाचण्याची मुभा ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. २०१९मध्ये सॅम जदाली या संशोधकाने 'डेटास्पाय' हे प्रकरण मांडले. क्रोम आणि फायरफॉक्सच्या आठ पुरवण्या सुमारे ४१ लाख लोकांनी बघितलेल्या पानांचे पत्ते गोळा करत होत्या आणि ते विकत मिळत होते. म्हणून मी भाच्याच्या लॅपटॉपवर बसून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले आणि खाते सर्व यंत्रांवरून साइन आउट केले. आपला लॅपटॉप स्वच्छ होण्याआधी त्याच्यावरच नवा पासवर्ड टाकणे म्हणजे चोरासमोर किल्ली बनवणे. खात्यातून पैसेच गेले असतील तर आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा, लॅपटॉप नंतर पाहावा. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'वर २०१७पासून सफाईची साधने फुकट मिळतात. हिरव्या बटणापेक्षा ती बरी.

आता 'स्पायवेअर' या शब्दाबद्दल. दुकानातला मुलगा तो सर्रास वापरत होता, मीही वापरला. पण माझ्याकडे आला होता तो गोंगाट करणारा चोर. जाहिरात दाखवल्याशिवाय त्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून तो स्वतःला लपवू शकत नाही. खरा हेर आवाज करत नाही. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपबद्दल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८मध्ये जप्त केलेल्या या लॅपटॉपमध्ये त्याआधी २२ महिने 'नेटवायर' हा दूरनियंत्रणाचा कार्यक्रम होता, एका ईमेलमधून आला होता आणि त्याच्याद्वारे फोल्डरमध्ये कागदपत्रे ठेवली गेली, असे त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. त्या वादात मी शिरत नाही. माझ्या मुद्द्यापुरते महत्त्वाचे एवढेच की अहवाल खरा धरला तर इतके महिने समोर बसलेल्या माणसाला काहीही जाणवले नव्हते. त्याचे कोणतेही पान याहूवर वळले नव्हते. आणि संशयित लॅपटॉप घाईने फॉरमॅट केला असता तर हा अहवाल एका बाजूने किंवा दुसऱ्या बाजूने लिहिण्याजोगे काही उरलेच नसते. गंभीर संशय असेल तेव्हा यंत्र पुसणे म्हणजे पुरावा पुसणे.

आपण काहीच दाबलेले नसतानाही दगा होतो, हेही खरे. २०१४च्या अखेरीस लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' हे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच आले होते. त्याने स्वतःचे बनावट प्रमाणपत्र बसवल्यामुळे बँकेच्या पानावरचे कुलपाचे चिन्हही भरवशाचे राहिले नव्हते. तिथे मात्र फॉरमॅट हा उपाय होता, पण कंपनीने दिलेल्या प्रतीवरून नव्हे, मायक्रोसॉफ्टची कोरी विंडोज टाकून.

माझा सगळा तपास दोन तासांचा होता. त्यात दहा मिनिटांत गेस्टची खिडकी उघडून पाहिली असती तर दुकानात जावेच लागले नसते.

दिवाळीनंतर मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात परत गेले. नऊ जणींपैकी सात पुन्हा बोलायला तयार झाल्या. एक म्हणाली, "बाई, तेच परत काय सांगू?" आणि विड्या वळत राहिली. दुसरीने संपाच्या दिवसांबद्दल जे सांगितले ते पहिल्या खेपेपेक्षा वेगळे आहे असे मला सारखे वाटत राहिले. पडताळून पाहायला पहिले रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही.