दोन सेंटिमीटर पाणी

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात गारोन नदीच्या काठावर एक चौक आहे, प्लास द ला बूर्स. नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या, फिकट दगडाच्या, अठराव्या शतकातल्या इमारतींची ही रांग. जाक गाब्रिएल या वास्तुकाराने १७३० च्या सुमारास काम सुरू केले आणि त्याच्या मुलाने ते पुढे नेले. मध्यभागी एक कारंजे आहे, तीन ग्रेसदेवींचे, १८६९ सालचे. त्याआधी तिथे पंधराव्या लुईचा अश्वारूढ पुतळा होता. राज्यक्रांतीत तो वितळवला गेला.

पण हल्ली लोक येतात ते या कारंज्यासाठी नाही. चौकाकडून नदीकडे निघालात की वाटेत ट्रामचे रूळ लागतात, मग मोटारींचा रस्ता आणि त्यापलीकडे काळसर ग्रॅनाइटची प्रशस्त, सपाट फरशी. हेही कारंजेच आहे, फक्त त्याला ना हौद ना कठडा. २००६ साली मिशेल कोराझू या भूदृश्यरचनाकाराने ते योजले आणि जलयंत्रणा झाँ-माक्स लोर्का यांनी उभारली. क्षेत्रफळ सुमारे ३,४५० चौरस मीटर, पाण्याची खोली दोन सेंटिमीटर. म्हणजे एका वेळी फरशीवर जेमतेम ७० हजार लिटर पाणी असते. एवढ्या उथळ पाण्यात अख्खा राजवाडी चौक उलटा उभा राहतो, म्हणून त्याचे नाव मिरवार दो, पाण्याचा आरसा.

प्रतिबिंबच हवे होते तर शेजारी नदी होतीच की! पण गारोन या कामाची नाही. समुद्र शंभरेक किलोमीटरवर असला तरी भरती-ओहोटी इथवर पोहोचते. गाळ सतत ढवळला जातो, त्यामुळे पाणी चहासारखे तपकिरी दिसते आणि कधी स्थिर राहत नाही. शिवाय ते काठापासून बरेच खाली असते. म्हणून नदीच्या कडेलाच दुसरे, शांत पाणी पसरावे लागले.

आता हा आरसा चालतो कसा ते पाहू. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशातला फक्त दोन टक्के परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. पायाशी पाहिले तर आपल्याला फरशीच दिसते, ती यामुळे. नजर जितकी तिरकी, तितके परावर्तन वाढते. उभ्या माणसापासून आठ-नऊ मीटरवरच्या पाण्यातून जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश डोळ्यांपर्यंत येतो. छायाचित्रकार गुडघे टेकून कॅमेरा पाण्याला लावतात, त्यात नखरा नाही, भूमिती आहे: डोळा खाली गेला की नजर अधिक तिरकी होते आणि इमारतीचे शिखरही पायाजवळच्या पाण्यात उतरते.

पाण्यात शिरलेल्या उरलेल्या प्रकाशाचे काय? तिथे दगडाचा रंग कामी येतो. फरशी पांढरी असती तर तिने तो प्रकाश परत वर फेकला असता आणि चित्र धुरकट झाले असते. काळसर ग्रॅनाइट तो बराचसा गिळून टाकतो. उथळपणाचाही फायदा आहे. पाऊल पडले की तरंग उठतात, पण तळाचे घर्षण त्यांना लवकर थोपवते. वारा सुटला तर मात्र इलाज नाही.

खरे यंत्र फरशीखाली आहे. पूर्वी इथे बंदराची गोदामे होती. त्यांतल्याच एकाच्या तळघरात सुमारे आठ लाख लिटरची टाकी, पंप आणि गाळणयंत्रणा बसवली आहे. दगडी लाद्यांमधल्या फटींतून पाणी वर येते, पातळ थर धरते, काही मिनिटे थांबते आणि फटींतूनच परत टाकीत जाते. तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरतात. मग पाळी धुक्याची. बारीक तोंडांतून जोराच्या दाबाने सोडलेले पाणी सूक्ष्म थेंबांत फुटते आणि दोनेक मीटर उंचीचा पांढरा पडदा उभा राहतो. थेंबांचे बाष्प होताना हवेतली उष्णता खेचली जाते, त्यामुळे उन्हाळ्यात या पडद्यात शिरलेले मूल बाहेर यायला तयार नसते. आरसा, कोरडी फरशी, धुके असा हा फेरा दिवसभर चालतो. म्हणजे तुम्ही पोहोचलात आणि नुसता ओला दगड दिसला तर निराश होऊन परत फिरू नका, थोडे थांबा.

माझ्या मते या जागेतली सगळ्यात हुशार गोष्ट पाण्यात नाही, आजूबाजूला जे हटवले त्यात आहे. काठावरची गोदामे पाडली नसती तर नदी आणि चौक एकमेकांना दिसलेच नसते. आरशात ट्रामच्या तारांचे जाळेही उमटले असते, पण बोर्दोने २००३ साली ट्राम सुरू करताना जुन्या भागात तारा टाळल्या. दोन रुळांच्या मधोमध तुकड्यातुकड्यांची तिसरी पट्टी आहे आणि गाडी ज्या तुकड्यावर असते तेवढ्यातच वीज सोडली जाते. पादचारी बिनधास्त रूळ ओलांडतात. पुढे २००७ मध्ये शहराचा हा ऐतिहासिक भाग युनेस्कोच्या यादीत गेला.

जायचे असेल तर वेळेचा विचार करा. इमारतींचे तोंड पूर्वेला, म्हणून ऊन त्यांच्यावर सकाळी पडते. दुपारनंतर त्या सावलीत जातात. सर्वांत चांगला आरसा दिवे लागल्यावर मिळतो, कारण तेव्हा इमारती उजळतात आणि फरशी काळीच राहते. पाठ नदीकडे करून अगदी कडेला उभे राहा. चपला काढून चाललात तरी जपून, ओला ग्रॅनाइट निसरडा असतो. हिवाळ्यात पाणी बंद ठेवतात. त्या दिवसांत छायाचित्र मिळणार नाही, पण कुतूहल असणाऱ्याला तेव्हाच जास्त कळते: पाणी कुठल्या फटीतून येते, लाद्या किती काटेकोर पातळीत बसवल्यात, सगळे वाकून पाहता येते.