एक ठिपका, दोन याने आणि अनेक हात

व्हिडिओ गेम खेळण्यात तुमच्यापैकी अनेक जण तरबेज असतील. पण चार-पाच जणांनी मिळून असा खेळ स्वतः तयार करायचा ठरविले, तर आरंभ कोठून करावा? कामे कशी वाटून घ्यावीत? याचे उत्तर मिळविण्यासाठी संगणकावरील अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एकाची जन्मकथा पाहू.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ साली पीडीपी-१ हा संगणक आला. तो सेकंदाला सुमारे १,००,००० बेरजा करी. त्याच्या स्मृतीत फक्त ४,०९६ संख्या मावत. त्याला एक गोल पडदा जोडलेला होता. या यंत्राचे सामर्थ्य एखाद्या खेळातून दाखवावे, असे तेथील काही विद्यार्थ्यांनी व तरुण कर्मचाऱ्यांनी ठरविले. त्यातूनच ‘स्पेसवॉर’ जन्मास आला. यात दोन खेळाडू दोन अंतराळयाने चालवितात आणि एकमेकांवर मारा करतात.

मुख्य आज्ञावली स्टीव्ह रसेल याने लिहिली. यान वळविण्यासाठी साइन व कोसाइन काढावे लागत. त्यासाठीची तयार आज्ञावली ॲलन कोटोक याने संगणक बनविणाऱ्या कंपनीतून आणून दिली. १९६२ च्या जानेवारीत पडद्यावर फक्त एक ठिपका हलू लागला. फेब्रुवारीत त्याच्या जागी दोन याने आली.

मग मंडळी खेळू लागली आणि उणिवा दिसू लागल्या. मागचा पडदा कोरा असल्याने यान सावकाश सरकत असले, तर ते कळेना. म्हणून पीटर सॅमसन याने आकाशातील खऱ्या ताऱ्यांचा नकाशा मागे बसविला. संगणकाच्या कळांवरून खेळताना एका खेळाडूला पडदा नीट दिसत नसे. म्हणून कोटोक व रॉबर्ट सॉन्डर्स यांनी हाती धरण्याच्या नियंत्रण-पेट्या बनविल्या.

सर्वांत अवघड प्रश्न डॅन एडवर्ड्स याने हाती घेतला. मध्यभागी एक तारा ठेवून त्याचे गुरुत्वाकर्षण यानांवर लागू करायचे होते. अंतर निम्मे झाले की ओढ चौपट होते. म्हणजे क्षणोक्षणी नवे गणित! ते करीत बसले तर यंत्राला याने रेखाटण्यास वेळच उरेना. एडवर्ड्सने रेखाटनाची पद्धत बदलली. यानाचा आकार कसा काढायचा, याच्या आज्ञा खेळाच्या आरंभीच एकदा तयार होऊ लागल्या. त्यामुळे वाचलेला वेळ गुरुत्वाकर्षणाला मिळाला. तरीही क्षेपणास्त्रांसाठी तो पुरला नाही. ती ताऱ्याजवळूनही सरळच जात!

यातून काय शिकावे? सर्व गोष्टी एकदम करू नयेत. प्रथम एक ठिपका हलवावा. मग खेळून पाहावे, उणिवांची यादी करावी आणि एकेक उणीव एकेकाने वाटून घ्यावी. मात्र यंत्राचा वेळ सर्वांचा सामाईक असतो. एकाने तो जास्त वापरला, तर दुसऱ्याचे काम अडते. म्हणून काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. हातातल्या साधनांत उत्तम ते साधणे, हेच तर अभियंत्याचे काम!