'ओ' असूनही 'ओ' न चालणारं रक्त

रात्री पावणेदोनला रक्तपेढीतून फोन आला. "सर, तुमच्या पेशंटला चार पिशव्या लावून पाहिल्या. एकही जुळत नाही."

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात काम करत होतो. वॉर्डात तिशीतली एक बाई दाखल होती. कित्येक महिने पाळीत अतोनात रक्त जात होतं. हिमोग्लोबिन चारच्या आसपास, चार पावलं चाललं तरी धाप. हातात आधीच्या बाळंतपणातलं कार्ड, त्यावर 'ओ पॉझिटिव्ह' असा शिक्का. रक्तपेढीत ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या होत्या. मग अडचण कसली? मी चढ्या आवाजातच म्हणालो, "मॅडम, ओ आहे ना? मग ओ द्या."

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "सर, हे साधं ओ वाटत नाहीये. मी पिशवी सोडणार नाही. सकाळी येऊन स्वतः बघा."

त्या तंत्रज्ञ बाईंनी त्या रात्री माझं ऐकलं असतं, तर ती रुग्ण बहुधा आमच्याच हातून गेली असती. तिचा रक्तगट होता 'बॉम्बे'. गंमत अशी, की हा रक्तगट मुळात सापडला तोही असाच, 'जुळत नाही' या दोन शब्दांपाशी कुणीतरी थांबलं म्हणून.

मुंबईत परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. देणगी देणाऱ्यांची एक अट होती: शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. आपली माणसं रुग्ण तपासतील, शिकवतील आणि संशोधनही करतील, हा विश्वास त्या अटीमागे होता. पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांतच तो खरा ठरला.

तिथे पॅथॉलॉजी विभागात डॉ. वाय. एम. भेंडे होते. आमच्या पिढीला ते पॅथॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकावरचं नाव म्हणून माहीत. त्यांच्यासोबत डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया. त्यांच्यापुढे दोन रुग्णांचं रक्त आलं. एक रेल्वेतला कामगार, अपघातात जखमी झालेला. दुसऱ्याला भोसकल्याची जखम. दोघांनाही रक्त हवं होतं. नेहमीच्या तपासणीत दोघंही 'ओ' दिसत होते. पण कोणत्याही ओ दात्याचं रक्त त्यांच्या सीरममध्ये घातलं, की लाल पेशींचे गोळे व्हायचे. ए नाही, बी नाही, ओ सुद्धा नाही. दीडशेहून जास्त दात्यांचं रक्त तपासून झालं, तेव्हा कुठे एका मुंबईकराचं रक्त जुळलं.

गर्दीच्या रुग्णालयात अशा वेळी 'नमुना खराब असेल' म्हणून पुढे जाणं सोपं असतं. या मंडळींनी तसं केलं नाही. त्यांनी ते रक्त लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रक्तगटाच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवलं. १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या नव्या प्रकाराबद्दलचा लेख आला. त्यावर सात जणांची नावं होती: पहिली तीन परळची, पुढची चार लंडनची. शहराचं नाव रक्तगटाला चिकटलं, ते कायमचं. शहराची मुंबई झाली, रक्तगट मात्र आजही जगभर 'बॉम्बे'च आहे.

आता यात नेमकं काय वेगळं, ते पाहू. रक्तगट म्हणजे लाल पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या साखरेच्या रेणूंची ठेवण. या ठेवणीला एक पाया लागतो, त्याला 'एच' म्हणतात. या पायावर एक विशिष्ट साखर चढली की गट ए, दुसरी चढली की बी, दोन्ही असल्या की एबी. काहीच चढलं नाही, नुसता पाया राहिला, तर ओ. म्हणजे ओ गटाच्या पेशींवर 'एच' सर्वांत जास्त उघडा असतो.

बॉम्बे गटाच्या माणसाकडे हा पायाच नसतो. 'एच' बनवणारं जनुक त्याच्यात काम करत नाही. पाया नाही म्हणून वर ए किंवा बी चढण्याचाही प्रश्न नाही. त्यामुळे ए आणि बी शोधणाऱ्या साध्या चाचणीत काहीच दिसत नाही आणि कार्डावर 'ओ' असा शिक्का बसतो. पण ज्याच्याकडे 'एच' नाही, त्याचं शरीर 'एच'ला परका समजतं. त्याच्या रक्तात एच-विरोधी प्रतिपिंडं आधीपासूनच तयार असतात. अशा माणसाला ओ गटाचं रक्त दिलं, तर आलेल्या लाल पेशी रक्तवाहिन्यांमध्येच फुटू लागतात. थंडी वाजून ताप येतो, लघवी लाल होते, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. सगळ्यांना चालतं म्हणून आपण ज्याची ख्याती सांगतो, ते ओ रक्तच याला सर्वांत घातक. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा हिशेब वेगळा, तोही पाहावा लागतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्तपेढीत गेलो तेव्हा तंत्रज्ञ बाईंनी माझ्यापुढे तीन नळ्या धरल्या. रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासायचा असतो: एकदा रुग्णाच्या पेशी घेऊन आणि एकदा रुग्णाचा सीरम घेऊन. सीरममध्ये आधीच माहीत असलेल्या ए, बी आणि ओ गटाच्या पेशी घालून पाहतात. ओ गटाच्या माणसाचा सीरम ए आणि बी पेशींचे गोळे करतो, ओ पेशींना काही करत नाही. इथे तिसऱ्या नळीतही गोळा झाला होता. "ही तिसरी नळी लावली नसती, तर कळलं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या. रात्रीच्या आवाजाबद्दल मी माफी मागितली. नमुना मुंबईच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे गेला आणि बॉम्बे गटावर शिक्कामोर्तब झालं.

मधल्या दिवसांत आमच्या हातात होतं ते आम्ही केलं. रक्तस्राव थांबवणारी औषधं, हार्मोन्स, शिरेतून लोह, ऑक्सिजन, पूर्ण विश्रांती. तपासणीसाठी रक्तसुद्धा मोजून, लहान नळीत काढायचं ठरवलं. तिचा नवरा हवालदिल झाला होता. "साहेब, बाहेर वीस पोरं उभी आहेत, सगळी ओ पॉझिटिव्ह. कुणाचंही घ्या." त्या वीस जणांतल्या एकाचंही रक्त तिला चालणार नव्हतं, हे त्याला समजावणं त्या आठवड्यातलं सर्वांत अवघड काम होतं.

बॉम्बे गट भारतात साधारण दहा हजारांत एकाला असतो, युरोपात दहा लाखांत एकाला. आई आणि वडील दोघांकडूनही काम न करणारं जनुक आलं, तरच मूल बॉम्बे गटाचं होतं. म्हणून नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत तो जास्त आढळतो. या बाईचे आईवडील आते-मामे भावंडं होती. अशा वेळी दाता शोधायचा तो बाहेर नाही, घरात. सख्ख्या भावंडांत चारात एक तरी शक्यता असते. तिची तीन भावंडं बोलावली. धाकटा भाऊ बॉम्बे पॉझिटिव्ह निघाला. त्याच्याही लायसन्सवर 'ओ पॉझिटिव्ह'च लिहिलेलं होतं! त्याची एक पिशवी तिला लावली. एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम एका ग्रॅमने वाढतं, पण तेवढ्याने तिची धाप उतरली. बाकीचं काम लोहाने केलं. तीन आठवड्यांनी ती चालत घरी गेली.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बॉम्बे गटाच्या माणसाच्या जनुकांत ए किंवा बी दडलेलं असू शकतं. त्याच्यात ते दिसत नाही, मुलांत दिसतं. म्हणजे कार्डावर आईवडील दोघंही 'ओ' आणि मूल मात्र 'ए' किंवा 'बी', असं घडू शकतं. शाळेतल्या विज्ञानाच्या जोरावर अशा घरात संशय शिरतो आणि सोसते बाई. रक्तगटाच्या कार्डावरून कुणाच्याही चारित्र्याचा निकाल लावू नका. आधी रक्त नीट तपासून घ्या.

आणि वाचकांसाठी काही साध्या गोष्टी. कार्डावरचा रक्तगट ही माहिती आहे, परवाना नव्हे. शिबिरात काचपट्टीवर दोन थेंबांत पाहिलेला गट पुन्हा तपासावाच लागतो. क्रॉसमॅचला वेळ लागतो म्हणून रक्तपेढीत भांडू नका. तो वेळ तुमच्याच माणसासाठी असतो. रक्त चढताना थंडी, पाठीत कळ, अस्वस्थपणा जाणवला तर लगेच नर्सला हाक मारा. तुम्ही बॉम्बे गटाचे असल्याचं कळलं, तर सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या आणि रक्तपेढीकडे नाव व फोन नोंदवून ठेवा. सहज शिबिरात रक्त देऊन टाकू नका. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते, तेवढ्यात गरजू भेटेलच असं नाही. बोलावणं येईल तेव्हा जा. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर आधी स्वतःचंच रक्त काढून साठवता येतं का, हे डॉक्टरांना विचारा.

परळच्या त्या आवारात १९५७ साली रक्तगटांसाठी स्वतंत्र संदर्भ केंद्र सुरू झालं. 'लॅन्सेट'च्या लेखावरचं तिसरं नाव, डॉ. भाटिया, पुढे तिथले संचालक झाले. आज ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था आहे. वॉर्डातल्या दोन माणसांना रक्त का जुळत नाही, या प्रश्नाच्या ओघात हे सारं उभं राहिलं. संशोधन म्हटलं की आपल्याला मोठी यंत्रं आणि परदेशी विद्यापीठं आठवतात. पण त्याची सुरुवात अनेकदा ड्यूटीवरच्या माणसाने निकाल ढकलून न देण्यातून होते.

आमच्या त्या तंत्रज्ञ बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या निरोपसमारंभात भाषणं पुष्कळ झाली, या रात्रीचा उल्लेख मात्र कुणी केला नाही, म्हणून मी केला. आणि त्या बाईच्या धाकट्या भावाचा नंबर रक्तपेढीच्या वहीत आहे. नंतर त्याला दोनदा फोन गेला, अनोळखी माणसांसाठी. दोन्ही वेळा तो आला.