टॅप कोणी तोडला?

भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये किंवा चाकण एमआयडीसीतल्या मोठ्या मशीन शॉपमध्ये आटे पाडताना टॅप आतच तुटतो, तेव्हा नुकसान एकट्या टॅपचे नसते. तुकडा निघाला नाही तर जवळजवळ तयार झालेला जॉब भंगारात जातो. मग काय घडले ते सुपरवायझरला सांगावे लागते, आणि तिथे क्रियापदाला किंमत येते.

मराठीत हे तीन तऱ्हांनी सांगता येते. ‘टॅप तुटला’ यात माणूस नाहीच. आधीचे भोक लहान पडले असेल, चिप अडकली असेल, टॅपची धार गेली असेल. ‘मी टॅप तोडला’ म्हटले की कर्ता समोर उभा राहतो, आणि हेतूचा वासही येतो. तिसरी तऱ्हा ‘माझ्या हातून टॅप तुटला’ ही. क्रियापद अकर्मकच राहते, पण ‘हातून’ माणसाला वाक्यात आणते. घडले माझ्याकडून, केले मात्र नाही. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे अशा जोड्यांवर ही सोय उभी आहे. (सगळीच क्रियापदे जोडीने येत नाहीत. ‘हँडल मोडले’ आणि ‘त्याने हँडल मोडले’ यांत क्रियापद एकच. तिथे ‘हातून’वाचून भागत नाही.)

इंग्रजीचे ‘ब्रेक’ हे तुटणेही आहे आणि तोडणेही. ‘द टॅप ब्रोक’, ‘आय ब्रोक द टॅप’. आपल्या तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत सहज येते ते दुसरेच रूप. हेतू नव्हता हे सांगायला ‘ॲक्सिडेंटली’ वेगळे जोडावे लागते, आणि जोडलेला शब्द माझ्या कानाला तरी सबबीसारखा वाटतो. मराठीत लिहिलेला खुलासा वरच्या ऑफिससाठी इंग्रजीत उतरवताना हा ‘हात’ सहज गळू शकतो. ही केवळ व्याकरणाची काळजी नव्हे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांत मालकाच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान हे गैरवर्तन धरले होते. सगळे वजन ‘हेतुपुरस्सर’ या शब्दावर, आणि नेमके तेच भाषांतरात पुसट होते.

इंग्रजीची नातलग असलेल्या डॅनिश भाषेतही ‘क्नेके’ या क्रियापदाचे मोडणे आणि मोडून टाकणे असे दोन्ही अर्थ होतात. पण तिथे एक जास्तीची रचना आहे: ‘कोमे टिल आट’, शब्दशः ‘करण्यापाशी येणे’. तिचे इतरही उपयोग आहेत. भूतकाळात मात्र ती बहुधा नकळत घडलेल्या चुकीसाठी येते. ‘याय कोम टिल आट क्नेके डेन’ म्हणजे ‘माझ्या हातून तो मोडला’. फरक एवढाच, की डॅनिशमध्ये ‘मी’ कर्तेपदावरच राहतो. मराठीत ते पद टॅपला मिळते.