मधमाशीच्या हातातला पान्हा

अमेरिकी नौदलाच्या बांधकाम बटालियनांच्या, म्हणजे ‘सीबीज’च्या सन्मानार्थ काढलेल्या कॉफीच्या मगावर एक चिडलेली मधमाशी हमखास असते. डोक्यावर खलाशाची पांढरी टोपी, पुढच्या हातांत टॉमी गन, मागच्या हातांपैकी एकात पान्हा आणि दुसऱ्यात हातोडा. तिच्या शेजारी किंवा मगाच्या दुसऱ्या बाजूला बटालियनचा क्रमांक, तळाचे नाव, मोहिमेची वर्षे आणि बहुधा ‘कॅन डू’, म्हणजे ‘करून दाखवू’, हे ब्रीद. बंदुकीला आणि हत्यारांना एकाच चित्रात बरोबरीचे स्थान देणारी लष्करी बोधचिन्हे थोडीच आहेत, आणि या मगाचे महत्त्व त्या बरोबरीत आहे.

हे चित्र १९४२ च्या सुरुवातीला फ्रँक इयाफ्रेट यांनी काढले. ते तेव्हा ऱ्होड आयलंड राज्यातील क्वॉनसेट पॉइंट येथील नौदल तळावर नागरी कर्मचारी होते. त्यांच्या मनात आधी बीव्हर हा बांध बांधणारा प्राणी आला होता. पण संकट दिसताच बीव्हर पळ काढतो, हे कळल्यावर तो बाद झाला. मधमाशी आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही, पण डिवचली तर डंख मारते, शिवाय कष्टाळू. इंग्रजीत ‘कन्स्ट्रक्शन बटालियन’च्या आद्याक्षरांचा उच्चार ‘सी-बी’ होतो आणि मधमाशीलाही ‘बी’च म्हणतात, त्यामुळे नाव आणि चित्र एकमेकांत चपखल बसले. मधमाशीच्या बाह्यांवर इयाफ्रेट यांनी तोफखाना, यंत्रकाम आणि सुतारकाम या हुद्द्यांची चिन्हेही काढली होती. चित्र मगाएवढे लहान झाले की हा बारकावा बहुतेक वेळा पुसट होतो.

बटालियनांची गरज पडली ती एका कायदेशीर अडचणीतून. दुसऱ्या महायुद्धाआधी पॅसिफिक महासागरातील बेटांवर तळ उभारण्याचे काम खासगी कंत्राटदारांचे नागरी कामगार करत. अशा कामगारांनी शस्त्र उचलले, तर युद्धाच्या नियमांनुसार शत्रू त्यांना सैनिक न मानता गनिमी हल्लेखोर म्हणून ठार करू शकत असे. २३ डिसेंबर १९४१ रोजी वेक बेट जपानच्या हाती पडले, तेव्हा तिथे अकराशेहून अधिक नागरी कामगार होते. त्यांतील ९८ जणांना बेटावरच कामासाठी ठेवून घेण्यात आले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये ठार मारण्यात आले. नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल बेन मोरील यांनी २८ डिसेंबर १९४१ रोजी बांधकाम करणाऱ्या लढाऊ तुकड्यांसाठी परवानगी मागितली. ती ५ जानेवारी १९४२ रोजी मिळाली. ‘सीबी’ या नावाला ५ मार्च १९४२ रोजी अधिकृत मान्यता मिळाली आणि तीच तारीख वर्धापनदिन म्हणून पाळली जाते. अनेक स्मृतिमग या दिवसाच्या निमित्ताने निघतात.

पहिल्या भरतीत पोरसवदा मुले कमी होती. धरणे, पूल, रस्ते, गगनचुंबी इमारती यांवर हात बसलेले गवंडी, सुतार, वेल्डर, वीजतंत्री, बुलडोझर चालवणारे लोक त्यात आले. या पहिल्या सीबीजचे सरासरी वय ३७ होते. युद्ध संपेपर्यंत सव्वातीन लाखांच्या आसपास माणसे या दलात काम करून गेली. एकट्या पॅसिफिक क्षेत्रात त्यांनी १११ मोठ्या धावपट्ट्या आणि ४४१ धक्के बांधले. पंधरा लाख माणसांच्या निवासाची सोय केली ती वेगळीच.

पण त्यांचे काम आकड्यांपेक्षा ग्वाडलकॅनाल बेटावरच्या एका धावपट्टीवरून जास्त चांगले समजते. जपान्यांनी बांधायला घेतलेली ही धावपट्टी अमेरिकी मरीन सैनिकांनी ऑगस्ट १९४२ मध्ये घेतली आणि तिला हेंडरसन फील्ड असे नाव पडले. १ सप्टेंबरला सहावी बांधकाम बटालियन तिथे उतरली. शत्रूच्या विमानांचे आणि तोफांचे हल्ले चालूच होते. खड्डा पडला की आपली विमाने उतरू शकत नाहीत, म्हणून वेळ हाच खरा शत्रू होता. पाचशे पौंडांच्या बॉम्बने पडणाऱ्या खड्ड्याला किती माती लागते, याचा हिशेब सीबीजनी आधीच मांडला. तेवढी माती ट्रकांत भरून धावपट्टीच्या कडेला तयार ठेवली, वर अंथरायच्या भोकांच्या पोलादी पट्ट्यांचे संचही बांधून ठेवले. बॉम्ब पडून गेला की लपलेली माणसे धावत बाहेर येत. शंभर माणसे असा खड्डा चाळीस मिनिटांत बुजवत. विमान आकाशात घिरट्या घालत असताना खाली फावडे चालवणाऱ्या या माणसांचे धैर्य गोळी झाडणाऱ्याच्या धैर्याहून तसूभरही कमी नव्हते. मगावर पान्हा आणि हातोडा बंदुकीसोबत येतात, ते याच कमाईवर.

मगावर मावणार नाही असाही इतिहास आहे, आणि तो सांगितला पाहिजे. ३४ व्या बांधकाम बटालियनमध्ये कामगार सैनिक प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते, अधिकारी गोरे. बढत्या नाकारल्या जात. मार्च १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातील पोर्ट वायनीमी तळावर सुमारे हजार जणांनी काम न थांबवता दोन दिवस अन्नत्याग केला. त्यानंतर त्यांचा कमांडर बदलण्यात आला. दिएगो गार्सियाचे उदाहरण भारतीय वाचकाला जवळचे आहे. हिंदी महासागरातील या बेटावर १९७१ पासून सीबीजनी मोठा तळ उभारला; त्याच काळात तिथल्या मूळच्या रहिवाशांना कायमचे बाहेर काढण्यात आले. या बेटाचे नाव असलेला मग हातात घेणाऱ्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात.

याच इतिहासात प्राणार्पणही आहे. व्हिएतनाम युद्धात डोंग क्सोआय येथे जून १९६५ मध्ये मारल्या गेलेल्या मार्विन शील्ड्स यांना मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. हा सर्वोच्च सन्मान मिळालेले ते एकमेव सीबी.

स्मृतिचिन्ह म्हणून ढाल किंवा पदकाऐवजी मगच का, याचे उत्तर नौदलाच्या सवयीत आहे. नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांच्या आदेशाने १९१४ साली अमेरिकी युद्धनौकांवर दारूबंदी झाली आणि पुढे जहाजावरचे मुख्य पेय म्हणून कॉफीचे स्थान पक्के झाले. महायुद्धात जाड भिंतीचे, जड बुडाचे आणि कान नसलेले मग वापरात होते, कारण हेलकाव्यात ते कमी कलंडत आणि कान तुटण्याचा प्रश्नच नसे. जुने चीफ पेटी ऑफिसर आपला मग साबणाने धूत नसत. आत चढलेला काळा थर जितका जाड, तितकी नोकरी मोठी, असे मानत. बांधकामावरच्या माणसाच्या हातात दिवसभर असणारी वस्तू हेच त्याचे स्मारक होणे अगदी योग्य आहे.

आजचा स्मृतिमग साधारण ३२५ मिलिलिटरचा, कान असलेला आणि चिनीमातीचा असतो. त्यावर चित्र दोन प्रकारे उतरते. जुन्या पद्धतीत खनिज रंगांनी छापलेला पातळ पापुद्रा पाण्यात भिजवून तयार मगावर चिकटवतात आणि मग पुन्हा सुमारे ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. चकाकीचा थर मऊ होऊन रंग त्यात मुरतात आणि ते वर्षानुवर्षे टिकतात. दुसरी पद्धत स्वस्त आणि घाईची. मगावर आधीच दिलेल्या पॉलिमरच्या लेपावर छापील कागद गुंडाळून काही मिनिटे सुमारे १८० ते २०० अंश उष्णता देतात. शाई वायुरूप होऊन लेपात शिरते. यात छायाचित्रासारखे बारकावे येतात आणि एकच मगही काढता येतो, पण ऊन आणि भांडी धुण्याचे यंत्र यांनी रंग विटतो. काठाला सोनेरी रेघ असलेला मग मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. धातूच्या रेघेवर ठिणग्या उडतात.

जुन्या मगांचा काळ ठरवताना तळाचे नाव उपयोगी पडते. ऱ्होड आयलंडमधील डेव्हिसव्हिलचा तळ १९९४ मध्ये बंद झाला, त्यामुळे त्या नावाचा मग बहुधा त्याआधीचा असतो. मात्र निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यांसाठी जुन्याच नावांनी नवे मगही काढले जातात. अशा वेळी रंगांवरून बोट फिरवून पाहावे. भट्टीत भाजलेल्या चित्राची कडा बहुधा किंचित उंच लागते, लेपात शिरलेल्या शाईची लागत नाही. बुडाखाली उत्पादकाचा शिक्का असेल, तर काळ ठरवणे आणखी सोपे जाते.