मद्यालयातला पियानो प्रार्थनामंदिरात

ज्या बोटांनी शनिवारी रात्री मद्यालयात लोकांना नाचविले, त्याच बोटांनी रविवारी सकाळी ईश्वराची आळवणी करावी काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाला हा प्रश्न एके काळी फार छळीत असे. वाचकहो, आपल्याकडे तमाशाच्या फडातील ढोलकीवाला तीच थाप घेऊन कीर्तनात बुवांच्या मागे येऊन उभा राहिला आहे, अशी कल्पना करा. म्हणजे त्या प्रश्नाची धार आपल्या ध्यानी येईल. थॉमस अँड्रू डॉर्सी या वादकाला त्याचे उत्तर सापडण्यास आयुष्याची पहिली तेहतीस वर्षे लागली, आणि त्याची किंमतही जबर द्यावी लागली.

प्रथम ब्लूज म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप आम्ही करून पाहिला आणि सोडून दिला. ‘विरहगीत’ म्हणावे, तर त्यात पुष्कळदा खट्याळ विनोदही असतो. ‘रडगाणे’ म्हणणे तर शुद्ध अन्याय होईल. दक्षिणेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांमध्ये रुजलेली ही गानपद्धती. तिचा सर्वपरिचित घाट असा: चार-चार मात्रांचे बारा खंड आणि त्यांत तीन ओळी. पहिली ओळ व्यथा सांगते, दुसरी तीच पुन्हा सांगते आणि तिसरी तिला उत्तर देते. प्रत्येक ओळ संपली की गायक क्षणभर थांबतो व ती मोकळी जागा वाद्य भरून काढते. आपल्या भाषेत सांगायचे तर गांधार आणि निषाद येथे आपल्या जागेवरून किंचित खाली ओघळतात. धड शुद्ध नव्हेत, धड कोमल नव्हेत. गिटारवर तार ओढून हे साधते. पियानोवर मींड निघत नाही. म्हणून वादक शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदमच दाबून तो आभास निर्माण करतो.

डॉर्सी यांचा जन्म 1899 साली जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. पुढे कुटुंब अटलांटा शहरात आले. तेथे हा मुलगा एका नाट्यगृहात शीतपेये विकता विकता रंगमंचावरील पियानोवादकांची बोटे न्याहाळीत राही. लवकरच तो लोकांच्या घरी भरणाऱ्या रात्रीच्या मेजवान्यांत वाजवू लागला. त्याचे वादन अगदी हळुवार असे. शेजाऱ्यांनी तक्रार करून पोलीस बोलावू नयेत, म्हणून यजमानांना असाच वादक हवा असे! 1916 साली तो शिकागोला गेला. 1924 मध्ये मा रेनी या विख्यात ब्लूज गायिकेच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. रंगमंचावर एक प्रचंड ग्रामोफोन उभा करीत आणि त्याचे दार उघडून बाई गात गात बाहेर येत. गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ, खाली वाद्यवृंद आणि समोर बेभान झालेले प्रेक्षक! पुढच्याच वर्षी डॉर्सी यांचा नेटी हार्पर यांच्याशी विवाह झाला.

मग 1926 साली त्यांना घोर विषण्णतेने ग्रासले. जवळजवळ दोन वर्षे हात पियानोकडे वळेनात. जीव द्यावा असेही विचार मनात येऊन गेले. त्यातून सावरल्यावर त्यांनी भक्तिगीते रचण्याचा निश्चय केला. परंतु त्या काळी शिकागोतील मोठ्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये युरोपीय धर्तीचे भारदस्त समूहगान चाले. टाळ्या आणि पदन्यास यांना तेथे मज्जाव होता. दक्षिणेतून कामधंद्यासाठी आलेल्या हजारो कुटुंबांना त्या देखण्या वास्तूंत परकेपणा वाटे. डॉर्सी आपल्या गीतांचे छापील कागद घेऊन दारोदार हिंडले, तेव्हा पुष्कळ धर्मगुरूंनी त्यांना वाटेला लावले. ही चाल सैतानाची आहे, असा आक्षेप होता.

आणि याच सुमारास, 1928 साली, टॅम्पा रेड हा गिटारवादक एका चावट गाण्याचे शब्द घेऊन त्यांच्या घरी आला. डॉर्सी प्रथम नाही म्हणाले. पण घरात चणचण होती. ‘इट्स टाइट लाइक दॅट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि तडाखेबंद खपली. पुढची तीन-चार वर्षे ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ते अशी गाणी करीत राहिले आणि डॉर्सी या नावाने भक्तिगीते लिहीत राहिले.

हे ढोंग होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. आईचा ऑर्गन आणि मेजवानीतला पियानो हे दोन्ही स्वर त्यांच्या कानी लहानपणापासूनच पडले होते. आपल्या ब्लूजचा त्यांनी वृद्धापकाळीही धिक्कार केला नाही. दुःखी माणसाला बोलते करण्याची ती एक रीत आहे, आणि तीच रीत प्रार्थनेलाही उपयोगी पडेल, अशी त्यांची धारणा होती. ती धारणा कसोटीला लागली 1932 साली.

त्या वर्षीच्या आरंभी शिकागोच्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चने गायकवृंद उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपविले होते. ऑगस्टमध्ये ते एका धर्मसभेत गाण्यासाठी सेंट लुईस येथे गेले. पत्नीचे दिवस भरत आले होते. ते व्यासपीठावर असतानाच तार आली: नेटी बाळंतपणात गेली. घरी परतून पाहतात तो मुलगा जिवंत होता; पण तोही लवकरच गेला. मायलेकरांना एकाच पेटीत मूठमाती देण्यात आली.

देवाने आपल्यावर अन्याय केला, आता भक्तिगीते पुरे, असे त्यांना वाटू लागले. काही दिवसांनी थिओडोर फ्राय या गायकमित्राने त्यांना एका विद्यालयातील संगीतकक्षात नेले. तेथे पियानोवर बोटे फिरविता फिरविता एकोणिसाव्या शतकातील एका जुन्या स्तोत्राची चाल निघाली आणि तीवर शब्द येत गेले. ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे ते गीत. त्यात देवाच्या न्यायाची ग्वाही कोठे नाही. थकल्याभागल्या माणसाने हात धरण्याची केलेली विनवणी मात्र आहे. चाल संथ केलेली, ओळीओळींमधल्या मोकळ्या जागा मद्यालयात शिकलेल्या स्वरांनी भरलेल्या. शोक लपवायचा नाही, तो दोनदा सांगायचा, ही ब्लूजची शिकवण त्या दिवशी त्यांच्या कामी आली, असे आम्हास वाटते.

त्या वर्षानंतर जॉर्जिया टॉम रंगमंचावरून नाहीसा झाला. परंतु त्याचे हात चार दशकांहून अधिक काळ पिल्ग्रिम चर्चमध्ये गायकवृंद चालवीत राहिले. ज्या गॉस्पेल संगीताचे जनक म्हणून डॉर्सी ओळखले जातात, त्यात ब्लूजचे स्वर आजही स्पष्ट ऐकू येतात. सर्वांचीच वाट अशी नव्हती. मेम्फिसचे रॉबर्ट विल्किन्स ब्लूज सोडून धर्मोपदेशक झाले आणि 1929 सालच्या आपल्याच एका ब्लूज गाण्याला त्यांनी पुढे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे शब्द दिले. महालिया जॅक्सन या थोर गायिकेने ब्लूज गाण्यास आयुष्यभर नकार दिला. गंमत अशी की, त्यांच्या भक्तिगीतांच्या मागे पियानोवर पुष्कळ वर्षे साथीला होते ते डॉर्सीच!

1959 साली भारतात येऊन मुंबईच्या मणिभवनात राहून गेलेले मार्टिन ल्यूथर किंग यांचे हे अत्यंत आवडते गीत. 4 एप्रिल 1968 रोजी सायंकाळी मेम्फिस येथील निवासाच्या सज्जात ते उभे होते. खाली सॅक्सोफोनवादक बेन ब्रँच होते. रात्रीच्या सभेत ‘प्रेशस लॉर्ड’ वाजवा, आणि छान वाजवा, असे किंग यांनी त्यांना सांगितले. काही क्षणांतच गोळी सुटली. अटलांटातील अंत्ययात्रेच्या दिवशी ते गीत महालिया जॅक्सन यांनी गायिले.

डॉर्सी 1993 साली शिकागोत निवर्तले. मुळात यहुदी प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेली पिल्ग्रिम चर्चची ती भव्य वास्तू 2006 साली आगीत भस्मसात झाली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.