पियानोची साथ आणि जेराल्ड मूर

पाश्चात्य अभिजात संगीतात गायकाला पियानोची साथ करणाऱ्या वादकाकडे दीर्घकाळ दुय्यम दृष्टीनेच पाहिले जाई. ही दृष्टी पालटविण्यात इंग्रज पियानोवादक जेराल्ड मूर (१८९९-१९८७) यांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडील संवादिनीवादक गायकाच्या उत्स्फूर्त गायनाचा मागोवा घेतो. जर्मन ‘लीड’ या गीतप्रकारात मात्र पियानोचा भागही संगीतकारानेच लिहिलेला असतो. शूबर्टच्या ‘एर्लक्योनिग’ (१८१५) या गीतातील घोड्याची दौड गायकाच्या गळ्यात नसून वादकाच्या उजव्या हातात आहे. तो हात थकला, की गीतच कोसळते. शिवाय गायकाच्या आवाजानुसार तेच गीत वरच्या वा खालच्या पट्टीत वाजवावे लागते. खालच्या पट्टीत पियानोचे मंद्र स्वर जड होतात. अशा वेळी गायकाचा आवाज न झाकता त्याला आधार देणे, हे साथीचे खरे कसब. मूर यांनी आपल्या आत्मचरित्राला (१९६२) ‘माझे वादन फार मोठ्याने होते आहे काय?’ अशा अर्थाचे शीर्षक दिले, ते उगीच नव्हे.

२० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. फिशर-डिस्काउ, श्वार्झकॉफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आन्हेलेस हे तीन श्रेष्ठ गायक त्यात गायले. अखेरीस शूबर्टचे ‘आन दी म्युझीक’ हे गीत मूर यांनी गायकावाचून, एकट्यानेच वाजविले. ध्वनिमुद्रण मात्र थांबले नाही. फिशर-डिस्काउ यांच्यासमवेत शूबर्टच्या गीतांचे काम १९७२ पर्यंत चालले.